येथे मजकूर येईल

आमचे दाजी कुठलंही पाकीट तीनदा आपटल्याशिवाय पोस्टात जाऊ देत नसत. एकदा डाव्या कडेवर, एकदा उजव्या, एकदा बुडावर. मग चष्मा कपाळावर सरकवून पाकिटाच्या पारदर्शक खिडकीत डोकावायचे आणि म्हणायचे, "दिसतत! जांवदे."

दिसायचे ते बारकोडचे पट्टे. आतलं पत्र हललं तरी ते खिडकीच्या कडेआड जाता कामा नयेत, म्हणून ही आपटाआपट. आचऱ्याच्या आमच्या बागायतदार संस्थेत दाजी हेडक्लार्क, आणि मी त्यांच्या हाताखाली. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. सभासदांना नोटिसा स्पीड पोस्टाने जायच्या. पोस्टाने आम्हाला नंबर देऊन ठेवले होते, त्यांचे बारकोड आम्हीच छापायचे. त्यासाठी कॉम्प्युटरवर पत्राचा साचा करायचा. वर बारकोडची चौकट, तिच्याखाली पत्ता, आणि खाली जागा धरायला एक ओळ: "येथे मजकूर येईल."

हे काम खरं तर माझं. दाजींनी ते आठवड्याभरात काढून घेतलं. माउस ते दोन्ही हातांनी धरत, पण पट्टे अर्धा मिलिमीटर सरकले तर त्यांना जेवण जात नसे. खिशात पेनाशेजारी स्टीलची फूटपट्टी. "पट्ट्यांका दोनय बाजूंक श्वास घेवक जागा व्हयी," हे दिवसातून दहादा.

एकदा अध्यक्षांनी बारकोडला खेटून संस्थेचं चिन्ह, म्हणजे पिवळाधमक हापूस, टाकायला सांगितलं. एरवी त्यांच्यापुढे शुद्ध मराठीत "होय साहेब" म्हणणारे दाजी ताडकन उठले.

"सायबानूं, आंबो थंय नाको! मशीन आंबोच वाचीत बसतला!"

हापूस मुकाट्याने तळाला गेला. अध्यक्ष मात्र आठवडाभर घुश्शात होते.

साच्यात काही बदललं की दाजी एक नमुना खरोखरच स्पीड पोस्टाने धाडत, तोही पदरमोड करून. पत्ता नेहमी एकच, रत्नागिरीच्या कुणा वसंतचा. मग रोज स्क्रीनवर नंबर घालून बघायचे. पत्र पोचल्याची नोंद दिसली की स्वारी खूश, सगळ्या ऑफिसला स्वतः चहा करून पाजणार. साचा उत्तम चालत असताना हा माणूस बारकोड केसभर हलवतो कशाला, ते मला काही केल्या कळेना. शेवटी विचारलंच.

"दाजी, हे वसंत कोण?"

"माझो भाव." नजर स्क्रीनवरच. "बांधावरच्या फणसावरसून भांडलो. सहा वर्सां झाली. मागे दोन पत्रां धाडलंय, उत्तर नाय. पोचली काय नाय, ता कोण सांगतला? आता पट्टे सांगतत."

"आणि आत काय लिहिता?"

"नमुनो आसा रे तो. नमुन्यात काय लिवतत?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. सहा वर्षं न बोललेल्या भावाच्या दारात स्पीड पोस्टाने पत्रांवर पत्रं जात होती, आणि प्रत्येकात एकच ओळ: येथे मजकूर येईल.

मे महिन्यात दाजींच्या नावाने ऑफिसात एक पोस्टकार्ड आलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि माझ्यापुढे सरकवलं.

"दादा, तुझी सात पत्रां गावली. मजकूर खंय आसा?"

वर बघतो तर दाजी हसत होते. पोट धरून हसत होते आणि मधेच धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मग त्यांनी साचा उघडला, ती ओळ खोडली आणि एका बोटाने नवी ओळ टाइप केली.

"फणस पिकले आसत. ये."

पत्र छापलं, पाकिटात घातलं, डिंक लावला आणि तसेच सायकलवर टांग मारून पोस्टाकडे निघाले. पाकीट आपटायचं विसरले. मीही आठवण केली नाही.