नाना आणि जांभ्या मातीचं पोतं

लग्न होऊन मी रत्नागिरीकडून धुळ्याला आले, तेव्हा शेजारचे नाना नवी सून बघायला आले आणि माझ्याकडे न बघता सासऱ्यांना म्हणाले, “आबा, विहीर खोदताना काळा दगड किती खाली लागला होता?”

नाना भूगोलाचे निवृत्त मास्तर. कुठेही गेले की आधी जमीन बघायचे, मग माणसं. पुतण्यासाठी मुलगी बघायला शिंदखेड्याकडे गेले, तर पोहे तसेच ठेवून घरामागच्या टेकडीवर चढले. मुलीचे वडील घाबरून मागे धावले. वर नाना एका अंजनाच्या झाडाला मिठी मारून उभे! खाली येऊन म्हणाले, “स्थळ चांगलं शे.” मुलीबद्दल की अंजनाबद्दल, कोणालाच कळलं नाही. लग्न मात्र झालं.

“बठ्ठं खडकवर शे,” म्हणजे सगळं खडकावर अवलंबून, हे त्यांचं पालुपद. जुनी जमीन फुटली, एक तुकडा आफ्रिकेत राहिला, एक इकडे सरकला. इथे लाव्हा सांडला, थरावर थर गोठले, पुढे तापीने गाळ आणून पसरला. म्हणून मुरमाड टेकडीवर सलई-अंजन आणि खोल गाळात बाभूळ. “अंजनचे भाऊबंद आजून आफ्रिकामा शेतस,” हे ते अमळनेरच्या मावसभावाबद्दल सांगावं तसं सांगायचे.

आईने माझ्याबरोबर सोनचाफ्याचं रोप दिलं होतं. त्याच वर्षी आई गेली, आणि रोपही पिवळं पडू लागलं.

नानांनी माती चोळून पाहिली. “तुमची जांभ्याची माती आंबट, आमच्या काळीत चुनखडी. तुझी चूक नही, बेटा. खडकच वेगळा.”

“नाना, आईचं एवढंच उरलंय हो,” म्हणत मी रडूच लागले. नाना उठून गेले.

मग बरेच दिवस त्यांच्या दाराला कुलूप. एका दुपारी रिक्षातून उतरले, मागोमाग लाल मातीचं पोतं. यजमानांकडून पत्ता घेऊन ते थेट माझ्या माहेरी जाऊन आले होते! “कंडक्टर म्हणे, धुळ्यात माती मिळत नाही का? म्हटलं, आशी नही मिळत.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “तुझ्या आईच्या चाफ्याच्या बुडाची शे. भावाने खणून दिली.”

“या वयात एवढा प्रवास, नाना?” सासरे म्हणाले.

नाना पायरीवर बसले. “आमची ही रावेरची. लग्नात माहेरून केळीचा कोंब आणला होता तिने. तेव्हा टेकडीवर राहायचो, तिथल्या मुरमात तो गेला. ती रडत होती, आणि मी तिला खडक समजावत बसलो. रावेर किती लांब होतं, आबा? पोतंभर माती आणता आली असती.”

मोठ्या कुंडीत, आईच्या अंगणातल्या मातीत चाफा जगला. पहिली फुलं आली तेव्हा मी ती शेजारी नेली आणि रावेरच्या काकूंच्या फोटोपुढे ठेवली. नाना धोतराच्या सोग्याने फोटोची काच पुसत राहिले.