दीड वीत खाली

टप्प.

मूल झोपल्यावर घरात जी शांतता पसरते ती फुकटात मिळत नाही. ती कमवावी लागते. त्या रविवारी दुपारी भिंगरीच्या आईनं ती दोन गोष्टी, एक बेसूर गाणं आणि बधिर झालेला एक हात यांच्या मोबदल्यात कमावली होती. तो हात लेकीच्या मानेखालून सुरुंग काढावा तसा तिनं नुकताच काढला होता, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ बोलला. टप्प.

तिनं नवऱ्याला खुणेनं बाहेर बोलावलं आणि फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

"नळापुढे कोणाचं नाव आहे?"

"माझं," नवरा म्हणाला. "पण मी प्लंबरला सांगून ठेवलंय."

"प्लंबरचं नाव आहे का तिथे?"

नवरा वाद घालण्यातला नव्हता. तो म्हणाला, "नाही," आणि नळाखाली एक फडकं ठेवून आला. त्यामुळे नळ 'टप्प' ऐवजी 'थप्प' म्हणू लागला. प्रगती म्हणायची तर हीच.

हे ऑफिसातल्या तक्त्याचं पिल्लू होतं, आणि असे तक्ते म्हणजे तिचा मोठा अभिमान होता. ती बांधकाम खात्यात इंजिनिअर होती. तिचं म्हणणं असं, की लोकांच्या पैशातून इमारत उभी करणं म्हणजे पाच जणांनी मिळून एक खाट उचलणं. इमारत हवी असते बालकल्याण खात्याला, ती बांधून घेतं बांधकाम खातं, नकाशा काढतो वास्तुकार, विटा रचतो ठेकेदार, आणि सगळं झाल्यावर तपासनीस येऊन नाक मुरडतो. खाट काही जड नसते. पण आपला कोपरा दुसऱ्यानं धरलाय असं प्रत्येकाला वाटतं, आणि खाट पायावर पडली की कळतं, कोपरा कोणीच धरला नव्हता. म्हणून नव्या बालवाडीचं काम हाती आलं तेव्हा तिनं ऑफिसच्या भिंतीवर भलामोठा तक्ता लावला. एक काम, एक नाव. दोन नावं लिहायची नाहीत आणि 'सर्व संबंधित' तर मुळीच लिहायचं नाही, कारण 'सर्व संबंधित' नावाचा माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही.

आणि खरंच काम सरळ झालं! छप्पर वेळेवर चढलं, रंग वेळेवर वाळला. तिचे साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला तो तक्ता असा दाखवू लागले, जणू तो त्यांनीच काढला होता. आता आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी तपासनीस आले आणि त्यांनी होकार दिला, की मुलं आत.

त्या मुलांत भिंगरी होती. खरी मेख तिथेच होती. भिंगरीला दिवसभर सांभाळणाऱ्या सासूबाई आपल्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. शनिवारी जाणार ते दोन-तीन महिन्यांनी येणार. बालवाडी उघडली तर हिची नोकरी चालू राहणार होती. नाही उघडली तर बिनपगारी रजा, आणि त्या रजेला शेपूट किती लांब फुटेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू काळजी करू नकोस गं, सरकारी कामं होतात कधी कधी." त्यांनी धीर द्यायलाच म्हटलं होतं ते.

शुक्रवारी सासूबाईंचं सामान बांधणं चालू होतं, म्हणून शेवटच्या पाहणीला भिंगरीही आईबरोबर आली. पिवळ्या भिंती, बुटक्या खुर्च्या, मुलांना बसल्या जागेवरून रस्ता दिसेल अशा खिडक्या. साहेब, ठेकेदार, वास्तुकार आणि बालकल्याण खात्यातल्या बाई, चौघंही वरपक्षासारखे कौतुकानं हिंडत होते. भिंगरीनं एका खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालं, आणि ती धुवायला म्हणून हात धुण्याच्या खोलीत गेली. मोठी माणसं मागोमाग.

बेसिनं सहा होती, चकचकीत होती आणि मोठ्या माणसांच्या उंचीला होती. भिंगरी चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले, जणू बेसिननंच आता तिला उचलून घ्यावं. मग मागे वळून म्हणाली, "आई, इथे फक्त बाबांनी यायचं का?"

एकदम सगळेच बोलू लागले. ठेकेदाराचं म्हणणं, नकाशात बेसिन आहे, उंची नाही, म्हणून नेहमीची धरली. वास्तुकाराचं म्हणणं, उंची बालकल्याण खात्यानं कळवायची असते. बाईंचं म्हणणं, मुलं लहान असतात हे वेगळं कळवायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. साहेबांचं म्हणणं काही नव्हतं, पण ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"चूक कोणाची ते नंतर बघू," भिंगरीची आई म्हणाली. "सोमवारच्या आत ही दीड वीत खाली आली पाहिजेत."

भिंतीवर वीत टेकवून तिनं दाखवलंसुद्धा. चौघांनी माना डोलावल्या. ती पर्समधून पेन काढणार, नव्या कामापुढे नाव लिहिणार, तोच सासूबाईंचा फोन आला की बॅगेची चेन तुटली आहे, बॅग पोट फुटल्यासारखी पलंगावर पडली आहे आणि गाडी सकाळची आहे. पेन पर्समध्येच राहिलं. भिंगरीला काखोटीला मारून ती पळाली.

शनिवारी सासूबाईंना निरोप देताना डोळे पुसणं झालं. रविवारी भिंगरीच्या नव्या दप्तरात एक रुमाल, एक बाटली आणि तिच्या आग्रहास्तव एक मोजा भरणं झालं. एकच मोजा, तो तिला आवडत होता. दीड वितीची आठवण झाली तेव्हा आईला वाटलं, चार-चार जाणत्या माणसांसमोर सांगितलंय, कोणीतरी करेलच.

करेलच! तिनंच वर्षभर ज्या वाक्याला भिंतीवर फाशी दिलं होतं, ते तिच्याच डोक्यात पाय पसरून बसलं आणि तिला कळलंही नाही.

सोमवारी सकाळी अंगणात आईबाप आणि दप्तरं घेतलेली मुलं उभी होती. तपासनीस आले. हा गृहस्थ इतका कमी बोलायचा की त्यानं खाकरलं तरी लोक कागद काढायचे. वर्ग पाहून झाले. मग त्यांनी हात धुण्याच्या खोलीचं दार ढकललं.

सहाही बेसिनं जमिनीलगत बसली होती. दमलेली माणसं बसतात तशी. खाली पाइप वळवायला जागा उरली नव्हती म्हणून फरशी फोडून तो आत घातला होता आणि वर सिमेंट नीट घोटलं होतं. काम सुबक होतं, त्यातच तर वाईट वाटत होतं. बेसिनांसमोर भिंतभर लांबीचा भक्कम लाकडी चौथरा होता, त्यांच्यापेक्षाही उंच. आणि भिंतीवर खाली, अगदी खाली, आरसे. तपासनिसांनी आरशात पाहिलं. आरशात त्यांचे गुडघे होते. ते त्यांनी बराच वेळ न्याहाळले.

"हे काम कोणाचं?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नावर असल्या खोल्यांमध्ये एरवी माश्यांचा आवाज ऐकू येतो. पण आज चौघंही शाबासकी घ्यायला आले होते.

"माझं," ठेकेदार म्हणाला. शनिवारी सकाळी त्याच्या माणसानं दीड वीत मोजून खाली घेतली होती.

साहेब चमकले. ठेकेदारावर सोडलं तर सोमवारपर्यंत होणार नाही म्हणून त्यांनी खात्याचा प्लंबर शनिवारी संध्याकाळी पाठवला होता. त्यानंही दीड वीत मोजून खाली घेतली होती. बाईंना या दोघांचाही भरवसा नव्हता. बेसिनं खाली आलीच नाहीत तर मुलांना निदान चढायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी रविवारी सुतार धाडून चौथरा करवून घेतला होता. राहिला वास्तुकार. तो हळूच म्हणाला, "बेसिनं खाली गेलेली दिसली, म्हणून आरसे मी खाली घेतले."

"म्हणजे तुम्ही हे बघितलंत?" भिंगरीच्या आईनं विचारलं. "काही वाटलं नाही?"

"वाटलं," तो म्हणाला. "पण उंची माझ्याकडे नव्हती."

ज्या कामापुढे एकच नाव लिहायचं, त्यापुढे एकही लिहिलं नव्हतं. आणि जी बाई घरातला खिळासुद्धा जमिनीपासून मोजून ठोकायची, तिनं 'जमिनीपासून किती' न सांगता नुसतं 'दीड वीत खाली' सांगितलं होतं. मग जो आला त्यानं, आपल्याला दिसलं तिथून, दीड वीत खाली घेतलं. आणखी एखादा कर्तव्यदक्ष माणूस असता तर बेसिनं तळघरात गेली असती.

तपासनिसांनी बॅग बंद केली. हात धुवायची सोय नसेल तर मुलं आत येणार नाहीत, एवढंच ते म्हणाले. ठेकेदार पुटपुटला की वर घ्यायची तर आठवडा जाईल. भिंगरीच्या आईच्या डोळ्यांपुढे तो बिनपगारी रजेचा अर्ज उभा राहिला, शेपटीसकट. शिवाय अंगणात उभ्या असलेल्या त्या सगळ्या आया. त्यांच्याही घरी कोणाची तरी सासू कुठेतरी निघालेलीच असणार.

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला.

भिंगरीनं चपला काढून शेजारी नीट लावल्या होत्या. चौथऱ्यावर बसून तिनं दोन्ही पाय बेसिनमध्ये सोडले होते आणि नळ उघडून हात धुणं चालवलं होतं. आरशात तिचं अख्खं तोंड दिसत होतं, आणि ते तिला पसंत होतं. दारातून दोन मुलं डोकावली, मग पाच. बघता बघता सहाही बेसिनांवर गिऱ्हाईक बसलं आणि मागे रांग लागली. कोणी रडत नव्हतं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी, कोणीच रडत नव्हतं!

तपासनीस गुडघ्यांचा कडकड आवाज करत खाली बसले. चौथरा हलवून पाहिला, हलला नाही. पाणी तुंबत नव्हतं. एका मुलाचा हात नळाला पोचतो का तेही बघितलं. मग उठायला त्यांना ठेकेदाराचा हात धरावा लागला.

"मुलं येऊ द्यात," ते म्हणाले. "दोन अशीच राहू द्या, खेळून आल्यावर पाय धुवायला. बाकीची महिन्याभरात वर घ्या. कोण घेणार?"

चौघांनी एकदम तोंड उघडलं.

"थांबा," भिंगरीची आई म्हणाली, आणि पेन काढलं. "उंची मी देणार. जमिनीपासून. काम ठेकेदार करणार, एकटे. साहेब, तुमचा प्लंबर ऑफिसातच ठेवा."

साहेब हसले. बाहेर दार उघडलं गेलं आणि मुलांचा लोंढा पिवळ्या भिंतींमध्ये शिरला. भिंगरीनं मागे वळून टाटासुद्धा केला नाही. आईला आनंद झाला आणि थोडं लागलंही.

संध्याकाळी भिंगरी बाबांच्या मांडीवर बसून हकिगत सांगत होती. काकांनी नळ खाली केला, मग दुसऱ्या काकांनी पण खाली केला, मग बाईंनी ओटा केला. बाबा हसून बेजार झाले. आई दप्तरातला ओला मोजा पिळत होती आणि गुणगुणत होती, तेही बेसूरच.

थप्प, स्वयंपाकघरातून आवाज आला.

"प्लंबर उद्या नक्की म्हणालाय," बाबा घाईनं म्हणाले.

भिंगरीनं फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग आईकडे.

"आई, शाळेतल्या नळापुढे कोणाचंच नाव लिहिलं नव्हतं, तर तो सगळ्यांनी केला. आपल्या नळापुढे बाबांचं नाव लिहिलंय, तर तो कोणीच का नाही करत?"