साडेसहा नागरिक उंचीचा बुरुज

कोणतीही जुनी वास्तू पाडायची, तर आधी तिच्यावर रीतसर प्रेम करावे लागते. त्यासाठी शहरात स्वतंत्र खाते आहे. तटबंदीचा दगडन्‌दगड मोजायचा, नकाशे काढायचे, चहूबाजूंनी फोटो घ्यायचे आणि मग निर्धास्तपणे बुलडोझर बोलवायचा, अशी खात्याची पद्धत. खात्याचे नकाशे इतके देखणे असतात, की ते पाहिल्यावर मूळ भिंत उगाच जागा अडवून बसली आहे असे वाटू लागते. (आजवरच्या शंभर टक्के वास्तू कागदावर सुखरूप आहेत.)

शेवटचा उरलेला बुरुज मोजायचे काम आले, तेव्हा खात्यातल्या मोजणीदाराने ती फाईल तीनदा दुसऱ्याच्या टेबलावर सरकवून पाहिली. बुरुजातल्या पहारेकऱ्यांच्या खोलीत त्याची आत्या राहत होती. तिथेच तिचे शिवणयंत्र, तिथेच तिचा संसार, आणि तिथेच तिने या आईवेगळ्या भाच्याला लहानाचा मोठा केला होता.

"मापं आम्हीही घेतो रे," गळ्यात टेप अडकवलेली आत्या कडाडली. "पण शिवायला! तुमच्यासारखी फाडायला नाही."

मोजणीदार ओशाळला. मात्र नियमात एक फट होती. पाडकामाची नोटीस बुरुजावरच लावायची, आणि तिच्याखाली एका जरी त्रयस्थ नागरिकाने हरकतीची सही केली, तर बुरुज कायमचा वाचायचा. पेनही तिथेच दोरीने बांधलेले असते (खाते लोकशाहीवादी आहे). आत्याची सही चालत नव्हती, कारण तिचे घर जाणार होते, म्हणजे ती निःपक्षपाती नव्हती. मोजणीदाराची चालत नव्हती, कारण त्याला बुरुजाची माहिती होती. माहिती असलेला माणूस पूर्वग्रहदूषित समजला जातो.

"एवढंच ना?" आत्या खुलली. "अरे, सगळं गाव जीव टाकतं या बुरुजावर. सह्यांना जागा पुरायची नाही बघ!" आणि तिने पेनाच्या दोरीला हातभर फीत जोडून दिली, डावखुऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून.

आता फोटो. उंचीचा अंदाज यावा म्हणून वास्तूशेजारी रंगवलेला दांडा उभा करतात. खात्याच्या दांड्यावर साहेबांच्या घरचे पडदे लटकलेले असल्याने, नियमाप्रमाणे दांड्याऐवजी एक सर्वसाधारण नागरिक वापरायचे ठरले. नागरिकांची रीघ लागली. कुणी भांग नीट केला, कुणी पोट आत घेतले. बुरुजाची उंची साडेसहा नागरिक भरली. दरवाजाची रुंदी दोन नागरिक, किंवा एक नागरिक आणि त्याचा मेहुणा. (अर्धा नागरिक कोणता, यावर खात्यात अजून चर्चा चालू आहे.)

मोजणीदाराने प्रत्येकाला बरोबर नोटिशीपाशी उभे केले. "थोडं डावीकडे. अजून थोडं. वाचता येतंय ना?"

"फोटो चांगला येऊ दे हं," एक बाई म्हणाल्या. "अहाहा, काय वैभव! कुणीतरी जपायलाच हवं हे."

एकाने तर पेन उचललेही. आत्याने यंत्र थांबवले. मोजणीदाराने कॅमेरा खाली घेतला. गृहस्थाने पेनाने निवांत पाठ खाजवली आणि ते जागच्या जागी ठेवले. खात्याने त्याच्या शिस्तीची स्वतंत्र नोंद केली.

मुदत संपली आणि बुलडोझर वेळेवर आला. मोजणीदाराला भर रस्त्यात रडू कोसळले. आत्याने शिवणयंत्र हातगाडीवर चढवले आणि उरलेल्या कापडाने त्याचे नाक पुसले.

"चल तुझ्याकडे," ती म्हणाली. "फक्त तुझ्या घराची मापं घेऊ नकोस म्हणजे झालं."

खात्याने भरवलेल्या प्रदर्शनाला तुडुंब गर्दी झाली. "अरेरे, कुणी काहीच कसं केलं नाही!" असे सगळे हळहळत होते. सर्वांत जास्त गर्दी शेवटच्या फोटोपुढे. त्यात नोटिशीला पाठ टेकून, पेनापासून वीतभर अंतरावर, एक नागरिक झकास हसतो आहे. खाली 'प्रमाणासाठी' एवढेच छापले आहे, नाव नाही. पण तुम्ही स्वतःला लगेच ओळखाल. फोटो खरोखरच चांगला आलाय तुमचा.