उठाव नाही, दाजी

२०२२ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली माझ्या मेव्हण्याने आमच्या सोसायटीच्या ‘कल पानी नहीं आएगा’ या नोटिशीला सोन्याची कड लावली. अक्षरांखाली सावली, अक्षरांच्या आत चमक, मागे पिवळा उजेड. लोक लिफ्टपाशी थांबून नोटिशीचे फोटो काढायला लागले. ‘किसका फंक्शन है?’ असं एकमेकांना विचारायला लागले. बादल्या मात्र कोणी भरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या ब्लॉकमधली माणसं अंघोळ न करता मेट्रोत बसून ऑफिसला गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मी लिफ्ट सोडून जिन्याने उतरत होतो. गुडघे दुखले तर दुखू देत, पण ‘अंकल, वो आपके साले साहब...’ असं कोणी सुरू करायला नको.

हा पद्माकर. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बी. ए. झालेला, आर. के. पुरमच्या एका सरकारी ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेला. लग्न केलं नाही. माझी बायको गेली त्या वर्षी तो एक बॅग आणि एक कॉम्प्युटर घेऊन मयूर विहारला आमच्याकडे आला. माझ्या मुलाने त्याला बाल्कनीकडची खोली दिली. बॅग त्याने अजून नीट उघडलेली नाही. कॉम्प्युटर मात्र त्या दिवसापासून बंद नाही.

त्याचा एक शब्द आहे, उठाव. कोणतीही गोष्ट बघितली की मान तिरकी करायची आणि म्हणायचं, “उठाव नाही, दाजी, उठाव नाही.” लग्नपत्रिकेला उठाव नाही. दुकानाच्या पाटीला उठाव नाही. एकदा सुनेने केलेल्या वरणाला उठाव नाही म्हणाला, तेव्हा सून म्हणाली, “मामा, उद्या तुम्हीच द्या उठाव, गॅस तिकडे आहे.” त्यावर तो आठवडाभर जेवताना गप्प होता.

मेट्रोत याला घेऊन जाणं म्हणजे शिक्षाच. डब्यातल्या जाहिरातीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणणार, “बघा दाजी, या बाईवर ऊन डावीकडून येतंय आणि सावलीपण डावीकडेच! यांच्याकडे सूर्य आहेत तरी किती?” मग शेजारच्या माणसाला तेच हिंदीत. तो बिचारा कानातली वायर काढून ‘जी?’ म्हणायचा, आणि मी पलीकडच्या दाराशी जाऊन, हा माझा कोणी नाही, अशा चेहऱ्याने उभा राहायचो.

त्याचं काम काय, तर फोटोला, अक्षरांना इफेक्ट द्यायचे. मला त्याने एकदा समजावलं. “काचेवर काच ठेवावी तसं असतं हे, दाजी. एकेक काच म्हणजे एकेक लेयर. एका काचेवर माणूस, एका काचेवर नाव. ज्याला पाहिजे त्या काचेला सावली द्यायची, कड द्यायची, चमक द्यायची. आणि मनासारखं जमलं की नाव देऊन सेव्ह करून ठेवायचं. पुढच्या वेळी नुसतं बोट टेकवलं की सगळं एकदम लागतं.”

नावंही एकेक. पातळ सोनेरी कडेचं नाव ‘तुपाची धार’. धुरकट पांढऱ्याचं ‘जानेवारी’. अक्षर फुगून गुळगुळीत चमकायला लागेल असा एक इफेक्ट होता, त्याचं नाव ‘बडे बाबूचं टक्कल’. कॉम्प्युटरच्या उजव्या बाजूला छोटे छोटे चौकोन, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात नाव.

आमच्याकडच्या मराठी मंडळाची सगळी पोस्टरं तोच करायचा. फुकट. फोन आला की शर्टाचं वरचं बटण लावून बोलायचा. “हो हो, या ना, मी घरीच आहे.” घरीच असायचा तो. दुसरीकडे कुठे जाणार?

तर त्या साली मंडळातल्या सरवदे साहेबांची पंचाहत्तरी आली. सहा महिन्यांपूर्वी साहेबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सगळ्यांनाच उत्साह. बॅनर अर्थात पद्माकरचं. फोटो, ‘हार्दिक शुभेच्छा’, खाली झेंडूची माळ, सगळं तयार. आणि नेमका दुकानातला माणूस बॅनर छापायला न्यायला यायच्या वेळी हा गोळ्या आणायला डिस्पेंसरीत गेला आणि तिथल्या रांगेत अडकला. तिथून त्याने मला फोन केला.

“दाजी, फाइल उघडीच आहे. साहेबांचा फोटो निवडून ठेवलाय. उजवीकडच्या चौकोनांत ‘कालचं’ असं नाव आहे. काल रात्री केलेलं, घाईत तेवढंच नाव दिलं. त्याच्यावर टेकवा, बस. बाकी दुकानवाला बघेल.”

“एवढंच ना?” मी म्हणालो.

आता इथे मला एक सांगावं लागतं. मी सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागलो आणि दफ्तरी म्हणून रिटायर झालो. दफ्तरी शिपायाच्या वरचा असतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही अर्धी. अक्षरं ओळखतो, पण एकेक जोडून, तोंडाने पुटपुटून वाचावं लागतं. नोकरीत कोणाला कळू दिलं नाही. फाइल मी नाडीच्या रंगावरून आणि जाडीवरून ओळखायचो, आणि कोणी ‘वाचून दाखवा’ म्हणालं की चष्मा घरी राहिलेला असायचा. मुलालाही नीट माहीत नव्हतं.

मी चौकोनांवर बोट फिरवलं. एकाखाली ‘का’, मग ‘ल’. काल. पुढे आणखी अक्षरं होती. पण ती पुटपुटावी लागली असती, आणि फोन कानाला होता. पद्माकरला ऐकू गेलं असतं. मी टेकवलं.

“झालं?” तो म्हणाला.

“झालं. त्यात काय एवढं?” मी म्हणालो, आणि दारावरची बेल वाजली म्हणून पडद्याकडे न बघताच उठलो.

ते ‘कालचं’ नव्हतं. ते ‘कालकथित’ होतं. आमच्या समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी हा शब्द लावतात.

रविवारी अकरा वाजता कम्युनिटी हॉलमध्ये बॅनर उलगडलं. साहेबांचा चेहरा काळापांढरा, भोवती काळी चौकट, डोक्यामागे मंद उजेड. वर ‘हार्दिक शुभेच्छा’. खाली झेंडूची माळ होतीच. दुकानवाला म्हणाला, “हमने सोचा आप लोगों में ऐसे ही बनता होगा।” खालच्या मजल्यावरचे चोप्राजी आत आले, बॅनर बघून त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि शेजारी उभ्या माणसाला हळूच म्हणाले, “बहुत नेक आदमी थे।”

शेजारी उभे होते ते सरवदे साहेबच. “थे?” साहेब म्हणाले.

लोक हसले. साहेबही हसले. मग साहेबांच्या बायकोकडे लक्ष गेलं. वहिनी खुर्चीला धरून उभ्या होत्या.

“कोणी केलं हे?”

मी तिथेच होतो, ढोकळ्याची प्लेट हातात घेऊन. पद्माकरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे गेला आणि म्हणाला, “माझा हात चुकला, वहिनी.”

“भाऊजी, ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते ना, तेव्हा यांचा अस्साच फोटो डोळ्यांसमोर यायचा. ते जे काय आहे ना तुमच्या कॉम्प्युटरमध्ये, ते काढून टाका. परत कोणाला लागायला नको.”

“आजच काढतो.”

मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, “यापुढे आपण पोस्टरं बाहेरूनच करून घेऊ. कशाला उगीच.” पद्माकरने मान हलवली. मी ढोकळा खाल्ला. खरं सांगतो, खाल्ला. हातात होता, आणि तोंडाला काहीतरी काम पाहिजे होतं.

घरी येऊन त्याने शर्टही बदलला नाही. कॉम्प्युटर लावला, तो चौकोन शोधला. मी दारात उभा होतो. तो इफेक्ट कोणाचा होता हे मला माहीत होतं. त्याच्या ताईचा. माझ्या बायकोचा. आमच्या हॉलमध्ये तिचा फोटो आहे तो त्यानेच केलेला, आणि ती गेली त्या हिवाळ्यात तो रोज शाल पांघरून एवढंच करत बसायचा. पाण्याच्या नोटिशीला सोनं लावणारा माणूस, तिच्या फोटोला मात्र उजेड कमी कर, अजून कमी कर, असं स्वतःशीच बोलायचा. ताईला झगमग आवडायची नाही म्हणून. शेवटी उजेड इतकाच ठेवला की थोडा वेळ बघत राहिलं तरच दिसतो. मग लोकांची माणसं गेली की तोच त्यांनाही द्यायचा.

त्याने बटण दाबलं. चौकोन गेला.

“परत करता येईल ना?” मी विचारलं.

“येईल की. पण तसाच नाही येणार. आकडे लिहून नाही ठेवले, डोळ्याने केला होता.”

“माझं नाव का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? दाजींनी चष्मा लावला नव्हता?” एवढं बोलून तो जरासा हसला. मग खुर्ची फिरवून बाल्कनीकडे बघत म्हणाला, “माझं काय हो. लोक मला पोस्टरसाठी बोलवायचे. नाही बोलावलं तर नाही बोलावलं.” आणि फोन उचलून बघितला. काही आलेलं नव्हतं. फोन त्याने सावकाश उपडा ठेवला.

म्हणजे त्याला माहीत होतं. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. त्याच्या खोलीतून बाहेर येताना मला हॉलमधल्या फोटोकडे बघवलं नाही. जेवायलाही मी भिंतीकडे पाठ करून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. लिहिणं माझ्याने झालं नसतं, म्हणून माइकच्या खुणेवर अंगठा दाबला. “मी किसन सोनवणे बोलतोय. सरवदे साहेबांच्या फोटोला पद्माकरने...” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी दचकलो, अंगठा सुटला आणि तेवढंच गेलं. सेक्रेटरींनी लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी परत अंगठा दाबला. या वेळी नख पांढरं होईपर्यंत.

“पद्माकरने काही केलेलं नाही. ते मी लावलं. त्याने ‘कालचं’ सांगितलं होतं. मी ‘काल’ एवढंच वाचलं, कारण पुढचं मला पटकन वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. वहिनी, चूक माझी आहे. पोस्टरं त्यालाच द्या.”

बोलणं संपलं, तरी मी दाबूनच धरलं होतं. पद्माकर टूथब्रश तोंडात धरून बाथरूमच्या दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याने ब्रश काढला.

“दाजी, बोट सोडा आता,” तो म्हणाला. “सोडल्याशिवाय ते जात नाही.”

मी सोडलं.