परतीची पावती

आबाजी वकिलांच्या घरी पाहुणा गेला, की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढे येई, "पिशवीत काय आनलं?"

पाहुणा ओशाळून म्हणे, "काई नाई, जराशी बोरं."

"हां! आधी सांगतलं तं गुन्हा नाई. झडतीत सापडलं तं गुन्हा." एवढं झालं, की मग भरपूर पाहुणचार.

हा त्यांच्या धंद्याचा गुण. वाशीमहून दक्षिणेला बैलगाडी हाकली, की काही कोसांवर इंग्रजी वऱ्हाड संपे आणि निजामाची मोगलाई लागे. मधे करोडगिरीचा नाका, तिथे मालावर जकात. बाकीचे वकील शेताच्या धुऱ्या-बांधांच्या भांडणांवर जगत; आबाजींनी हयात या नाक्याच्या कायद्यात काढली. जत्रेला निघालेल्या बैलाची जकात कशी वाचवायची, हे त्यांनी मला, शेजारच्या शाळामास्तराला, शंभरदा ऐकवलं असेल. नाक्यावर परतीची पावती लिहून घ्यायची: बैलाचा रंग, खूण, आणि खाली 'परत येणार'. मग तो तिकडे कितीही दिवस राहो, हक्क इकडचाच.

बायको लवकर गेली. एकुलती गंगू त्यांनीच वाढवली आणि दिली मोगलाईतल्या एका पाटलाच्या घरी. वरात परत निघाली तेव्हा नाक्यावरचा कारकून, वकीलसाहेबांची लेक म्हणून, गाड्या तशाच सोडत होता. पोचवायला आलेले आबाजी आडवे आले. "अशा कशा सोडता? भांडी मोजा!"

सगळं आंदण रस्त्यावर उतरलं. व्याही पाटील लिंबाखाली दोन तास बसून राहिले, नव्या फेट्यात घामाघूम. उठताना एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, आता आमची सून तुमचा नाका वलांडनार नाई." मी तिथेच होतो. मला आबाजींचा असा राग आला! कायद्यापायी माणसाने पोटच्या पोरीचं माहेर तोडलं.

दोन दिवाळ्या गंगूशिवाय गेल्या. आबाजी तक्रार करीत नसत. फक्त तिकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला थांबवून विचारीत, "आमची गंगू दिसली काय?"

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाटीलच खाली मान घालून दारात आले. वाशीमच्या बाजारातून नेलेल्या सरकीखाली गुळाच्या चार भेल्या होत्या, त्या नाक्यावर सांगायच्या राहिल्या. कुणीतरी चुगली केली आणि गाडी अडकली. आबाजी ताटावरून तसेच उठले. मलाही बरोबर घेतलं.

नाक्यावर गाडीची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. आबाजी कडाडले, "झडती सुरूच झाली नाई, तं सांगाची वेळ गेली कशी? पाटील, सांगा!" पाटलांनी घाईघाईने गूळ सांगितला, जकात भरली, गाडी सुटली.

"फी काय द्याची?" पाटलांनी विचारलं.

आबाजींनी कोटाच्या आतल्या खिशातून घडीवर विरलेला कागद काढला. पाटलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तो मी वाचला. लग्नाच्या दिवशीची नाक्याची पावती होती. हंडे, गुंड, पराती, सगळं ओळीने. आणि तळाशी: 'मुलगी एक. रंग सावळा. उजव्या गालावर तीळ. परत येणार.'



"भांडी मोजल्याबिगर पावती भेटत नाई," आबाजी पुटपुटले. "म्हनून उतरवली."

पाटलांनी कागद माझ्या हातून घेतला. "मंग तवाच काहून नाई सांगतलं, वकीलसाहेब?"

"चुकलं माह्यं," आबाजी म्हणाले. "आधी सांगाले पाह्यजे होतं."

धनत्रयोदशीला पाटलांची बैलांची दमणी आमच्या गल्लीत आली. गंगू बोचकं घेऊन उतरली आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबली.

"आबा, विचारत काहून नाई? लाडू आनले."

आबाजींनी मान हलवली. त्यांनी तिच्या हातातलं बोचकं घेतलं आणि न विचारता, न उघडता, थेट देवापुढे नेऊन ठेवलं.