जुन्या बेस गिटारीची दाढ

जुन्या बेस गिटारीच्या बाबतीत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ही बढाई नाही हं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. जळालेल्या दुकानात शिरून "हा फ्रीज आगीच्या आधीपासूनच बंद होता" असं मी नुसत्या वासावरून सांगतो. लोक मला पाहिलं की आपोआप खरं बोलायला लागतात. निदान माझा तसा समज होता.

बेस गिटार म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांब मान, चार जाड तारा आणि कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येणारा आवाज. माझ्याकडची पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "दोन तारा तुटल्यात, तरी घेतलीत?" आम्ही ऑफिसातले चौघे दर रविवारी आमच्या कॅशियरच्या गॅरेजमध्ये वाजवतो. माझी गिटार रिकाम्या पिंपावर उशी आपटल्यासारखी वाजायची. त्यामुळे तीन वर्षं माझा एकच ध्यास होता : साठच्या दशकातली, खरीखुरी, अस्सल बेस गिटार!

आणि एका शुक्रवारी जाहिरात दिसली. 'जुनी बेस गिटार, साठच्या दशकातली. जपून वापरलेली. बघायला यावे.'

रात्रभर जागून मी तपासणीची यादी केली. सतरा मुद्दे! सकाळी बायकोला वाचून दाखवली. बायको दातांची डॉक्टर आहे.

"सतरा?" ती म्हणाली. "मी अख्खं तोंड चार मिनिटांत तपासते."

"अगं, तोंडात नकली माल कोण भरतो?"

"मी," ती म्हणाली. "दिवसाला सहा-सात वेळा."

तिला बरोबर न्यायचा माझा विचार नव्हता. पण त्याच इमारतीत तिच्या एका पेशंट आजीबाईंची कवळी हिरडीला घासत होती, ती बघायला तिला जायचंच होतं. ते काम उरकून ती औजारांची बॅग घेऊन माझ्याबरोबर चौथ्या मजल्यावर आली. मी तिला बजावलं, "तू फक्त बस. बोलू नकोस. विकणाऱ्याचा चेहरा वाचायचं काम माझं."

दार काकूंनी उघडलं. आत सोफ्यावर काका बसले होते. सत्तरीकडे झुकलेले, केस नीट मागे वळवलेले, इस्त्रीचा शर्ट. डावा तळहात गालावर. समोर टीपॉयवर लांबलचक काळी पेटी. काकांनी एका हाताने पेटीच्या कड्या उघडल्या, आणि देवाशपथ सांगतो, मी सतराही मुद्दे विसरलो!

काय सुंदर होती! मधोमध मधाचा रंग, कडेला जाता जाता गडद होत कोळशासारखा. लाकडावरच्या जुन्या लाखेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. मानेचा मागचा भाग हाताळून हाताळून रेशमासारखा झालेला. ती पेटीत अशी पहुडली होती, जणू दुपारची झोप मोडल्याबद्दल आपल्यावरच रागावलीय. पण मी चेहरा कोरा ठेवला. आवडलं असं दाखवलं की संपलं!

"काका, पहिला प्रश्न. ही तुमच्याकडे कधीपासून?"

काकांनी डोळे मिटले. "पंचेचाळीस... आई गं!... पंचेचाळीस वर्षं."

मी यादीत लिहिलं : 'वर्षं सांगताना कळवळतो.'

"कुणाकडून घेतली?"

"बोटीवर वाजवणाऱ्या एकाकडून. तो... स्स्स... तो परत गेला त्याच्या देशात."

'साक्षीदार परदेशी. कपाळावर घाम.'

"आणि विकताय का?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुंडीशिवाय काही नव्हतं.

"जाऊ द्या हो ते," काका पुटपुटले.

झालं! माझ्यातला दावे तपासनीस शेपटीवर उभा राहिला. घाम, नजरानजर, तोंडावर हात! बायको मला कोपराने ढोसत होती. मला वाटलं, ती माझं कौतुक करतेय.

"पडदे लावू का?" मी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लावलेसुद्धा. खिशातून जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली. नोटा तपासतात ना, तसली. त्या उजेडात जुनी लाख हिरवट चमकते आणि नंतर केलेली डागडुजी काळी दिसते. मी दिवा बंद केला, बॅटरी लावली. गिटार चमकली! सगळी चमकली, फक्त वरच्या शिंगावर हाताच्या पंजाएवढा डाग काळाकुट्ट!

शिंग म्हणजे गिटारीचं वर आलेलं टोक. तिथली लाख पूर्ण खरवडून उघडं लाकूड दिसत होतं.

"इथे कोण झिजवतं हो?" मी गरजलो. "हात टेकतो तो मागच्या कडेवर! बोटं लागतात ती मधे! शिंगाला कुणी हातही लावत नाही! हा सरळसरळ सँडपेपर मारलाय, जुनी दिसावी म्हणून!"

काका काहीतरी बोलायला तोंड उघडून पुढे झाले. माझी बॅटरी नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर गेली. अंधारात त्यांचे दात निळेपांढरे झळकले, आणि त्या झगमगत्या रांगेत डावीकडे एक भयाण काळं भोक!

मी किंचाळलो. काका किंचाळले. काकू "काय झालं, काय झालं?" करत धावत आल्या आणि अंधारात टीपॉयला धडकल्या!

बायकोने शांतपणे दिवा लावला आणि माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली.

"भोक नाही ते. कॅप आहे, जुनी. खरा दात या उजेडात चमकतो, कॅप चमकत नाही. काका, किती दिवस दुखतंय?"

"दुखत नाही," काका म्हणाले.

"दोन वर्षं," काकू म्हणाल्या. "दवाखान्याच्या पायरीवरून चार वेळा परत आलेत. एकदा तर रिक्षातून उतरलेच नाहीत!"

"मी फक्त बघते," बायको म्हणाली. "हात लावायचा तर आधी विचारीन." आणि ती ज्या आवाजात हे म्हणाली, त्या आवाजात तिने सिंहाला सांगितलं असतं तरी त्याने आ वासला असता. काकांनी वासला.

आता मला रान मोकळं मिळालं. घाम दाढेचा होता हे मी मोठ्या मनाने मान्य केलं. पण सँडपेपरचं काय? मुद्दा क्रमांक नऊ : मान उघडणे. गिटारीची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. ती सोडवली की तिच्या टाचेवर, म्हणजे धडात बसणाऱ्या टोकावर, बनवणाऱ्याने पेन्सिलने लिहिलेली तारीख सापडते. तो तिचा जन्मदाखला!

"मान काढू का?" मी विचारलं.

"आँ आँ," काका म्हणाले. त्यांच्या तोंडात आरसा होता. मी तो होकार धरला.

तारा सैल केल्या. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा उडून सोफ्याखाली गेला. चौथा काढताना मान अशी काही निसटली, की मी ती छातीशी धरून सोफ्यावर बसकण मारली. टाचेवर धूळ होती. धुळीखाली पुसट अक्षरं! मी आनंदाने बोट ओलं केलं आणि धूळ पुसली.

धुळीबरोबर अर्धी तारीखही पुसली गेली.

"तू तिथे थुंकी लावलीस?" बायकोने मागे वळूनही न बघता विचारलं. तिला कसं कळतं, देव जाणे.

"थोडीच!" मी म्हणालो. महिना गेला होता. पण साल शिल्लक होतं, दोन इंग्रजी आकडे. मी ते वाचले आणि माझं रक्त तापलं. नऊ आणि नऊ!

"नव्व्याण्णव!" मी ओरडलो. "सापडली चोरी! ही साठच्या दशकातली नाहीच! आणि काका, तुम्ही म्हणता पंचेचाळीस वर्षं माझ्याकडे आहे? म्हणजे बनायच्या आधीच तुम्ही विकत घेतली?"

काकांचे डोळे पाण्याने भरले. तोंडात बायकोची दोन औजारं असल्यामुळे त्यांना बाजू मांडता येत नव्हती. काकू माझ्याकडे असं बघत होत्या, जणू मी त्यांच्याच घरात त्यांच्याच चपला चोरतोय.

बायकोने हातमोजे काढले, गिटारीची मान माझ्या हातातून घेतली आणि वरचं टोक खाली केलं.

सहा आणि सहा.

"उलटी धरली होतीस," ती म्हणाली. "एक्स-रे असा धरला की किडकी राहते आणि चांगली दाढ निघते."

तरी मी नमतं घेतलं नाही. "आकडे कुणीही लिहील!"

"बरं." ती गिटारीवर वाकली. बटणांखालची पट्टी उघडली, डोक्याला दिवा बांधला, दातांचा छोटा आरसा आत घातला. आत तारांचं जंजाळ आणि बटणांखाली बोराएवढे धातूचे भाग. त्यांच्या पोटावर कारखान्याने ठोकलेला नंबर असतो, हा माझा मुद्दा क्रमांक बारा. मला तो वाचायला सगळं उचकटावं लागलं असतं. तिने आरशात उलटा दिसणारा नंबर सुलटा म्हणून वाचला, कारण ती दिवसभर जग उलटंच बघते!

"वर्ष सहासष्ट, आठवडा अकरावा. आणि आतल्या तारांचे सोल्डरचे जोड सगळे एकाच वयाचे आहेत. कुणीही नवं भरलेलं नाही. भरलेलं मला कळतं."

"आणि शिंग?" माझा आवाज आता पाचव्या तारेसारखा झाला होता, म्हणजे नसल्यासारखा.

बायकोने शिंगावरच्या डागाकडे पाहिलं. मग काकांच्या जबड्याकडे पाहिलं. मग पुन्हा डागाकडे.

"काका, वाजवताना तुम्ही डावा गाल इथे टेकता का?"

काका थक्क झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"डाग जबड्याच्या मापाचा आहे."

मग काकांनी सांगितलं. बावीस वर्षं ते एका नाचाच्या हॉलमध्ये वाजवत होते. जागा नेहमी ड्रमवाल्याला चिकटून. त्या धडधडाटात स्वतःचा सूर ऐकू येईना. एके रात्री वैतागून त्यांनी जबडा लाकडावर टेकला, आणि सूर हाडातून थेट डोक्यात! तेव्हापासून त्यांना दुसरी पद्धत येतच नाही. बावीस वर्षं रोज रात्री गाल टेकून त्यांनी ती लाख झिजवली होती.

मी त्या उघड्या लाकडावर बोट ठेवलं. ते बाकीच्या लाकडापेक्षा गुळगुळीत होतं. सँडपेपर म्हणालो होतो मी त्याला!

"आणि दोन वर्षांपूर्वी ही दाढ सुरू झाली," काका म्हणाले. "खालची तार छेडली की दाढेत घण! गाल न टेकता वाजवलं तर वाटतं, दुसराच कुणी वाजवतोय. रोज पेटी बघायची आणि वाजवायची नाही... म्हटलं, जाऊ दे कुणाकडे तरी."

बायकोने नवे हातमोजे चढवले. "कॅप सैल झालीय, आत किडलंय. आत्ता साफ करून औषध भरते. पक्कं काम सोमवारी दवाखान्यात. चालेल?"

काकांनी काकूंचा हात धरला आणि मान हलवली.

तिच्या बोटांकडे मी पहिल्यांदाच असं बघत होतो. पंधरा वर्षांच्या संसारात कधी बघितलं नव्हतं! कुठे घाई नाही, कुठे जोर नाही. बधिर करायचं औषध कधी लावलं, कॅप कधी उतरली, काकांना कळलंसुद्धा नाही. ते डोळे घट्ट मिटून "सुरू झालं का?" विचारत होते, तेव्हा ती आवरत होती.

मग तिने मी उघडलेली गिटारही जोडली. मी स्क्रू पिळायला गेलो तर हातावर चापट बसली. "आधी उलटा फिरव. खट् झालं की जुन्या आट्यात बसला. मग सुलटा. वाकडा गेला की हाड जातं." खट्, खट्, खट्. तिसरा स्क्रू मी सोफ्याखाली पोटावर सरपटत जाऊन आणला. माझं एवढंच योगदान!

तासाभराने बधिरपणा उतरला. काकांनी तारा सुरात लावल्या, कोपऱ्यातल्या जुन्या अँप्लिफायरला वायर जोडली, गिटार मांडीवर घेतली आणि भीत भीत गाल शिंगावर टेकवला. खालची तार छेडली.

थांबले. पुन्हा छेडली.

आणि मग काय वाजवलं म्हणता! कपाटातल्या काचा गुणगुणल्या, टीपॉयवरचं पाणी थरथरलं, माझ्या बरगड्यांमधून कुणीतरी शांतपणे चालत गेलं. काकू दाराला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. तीन वर्षं मी ज्या आवाजाच्या मागे होतो, तो हा. गिटारीत निम्मा होता. उरलेला त्या जबड्यात होता.

"दुखतंय?" बायकोने विचारलं.

"नाही हो!" काका लहान मुलासारखे हसले. "अजिबात नाही!"

मी घसा खाकरला. "मग काका, व्यवहाराचं बोलूया का? मला पसंत आहे. अस्सल आहे."

काकांनी गिटार थोडी पोटाशी ओढली. काकू पुढे आल्या.

"आता कशाला विकायची?" त्या म्हणाल्या.

मी सतरा मुद्द्यांच्या यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

जिना उतरताना बायकोने बॅग माझ्याकडे दिली. ती भलतीच खुशीत होती. "पण शब्द घेतलाय हं मी त्यांच्याकडून. कधी विकायची झाली, तर पहिला फोन तुला!"

तेव्हापासून मी फोनची वाट बघतोय. बायको काकांना दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावते, आणि घरी येऊन मोठ्या अभिमानाने मला सांगते, "काकांची तब्येत एकदम ठणठणीत! दात तर अजून वीस वर्षं हलत नाहीत!"