नावेवर स्कूटर ठेवणारे तायडे डॉक्टर

तायडे डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते पूर्णा नदीच्या मधोमध स्कूटरवर बसून दाढी करीत होते.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात बातमीदार होतो. नदीवर नवा पूल झाला होता, नावेने नदी ओलांडायचा जुना उतार बंद पडला होता, आणि बंद पडलेल्या उताराची चार ओळींची बातमी आणायला संपादकांनी मला पाठवले होते. काठावर पोहोचलो तर पाण्यात एक सपाट, रुंद नाव उभी. नावेवर पत्र्याचे छप्पर, छपराखाली हिरवी स्कूटर, आणि स्कूटरच्या आरशात बघून गालाला साबण लावणारा एक किडकिडीत गृहस्थ.

मी काठावरून ओरडून विचारले, "हे काय चालले आहे?"

"दाढी करून राह्यलो," तिकडून उत्तर आले. "तुमाले काय दिसून राह्यलं?"

वऱ्हाडात नावेवर राहणारा माणूस ही मुळातच बातमी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीत पाणी दिसले तर लोक थांबून बघतात. त्या नावेवर स्कूटरही असेल तर चार ओळी पुरत नाहीत. त्या दिवशी मी उताराची बातमी दिली आणि डॉक्टरांची ठेवून दिली. पुढे काही वर्षे मी त्या बाजूला गेलो की त्यांच्याकडे थांबू लागलो.

ते खरे डॉक्टर नव्हते. सरकारी आरोग्य खात्यात लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे होते. खेड्यात अशा माणसाला 'देवी डॉक्टर' म्हणत, कारण तो देवीच्या रोगाची लस टोची. तायडे मूळचे भातकुलीकडचे. वडील शेतमजूर. घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला होता. डॉक्टरांनी तिथून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती नावेवर फळकुटाच्या कोनाड्यात असे. लग्न झाले होते, पण पत्नी लवकर गेली. मूलबाळ नव्हते.

त्यांच्या वाट्याला आलेली गावे नदीच्या दोन्ही काठांना पसरलेली होती. नवा पूल तिथून कित्येक मैल वर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा अशा होत की बैलही मान हलवून नकार देत. अशा वेळी अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावात जायचे तर पुलावरून वळसा घेण्यात दिवस जाई. उतार बंद झाला तेव्हा ठेकेदाराने नाव मोडीत काढली. डॉक्टरांनी ती घेतली. बैलगाडी चढेल अशी ती नाव होती. एका काठाच्या लिंबापासून दुसऱ्या काठाच्या खांबापर्यंत जाड दोर ताणलेला होता. तो हातांनी ओढत गेले की नाव सरकत पलीकडे जाई. एकट्या माणसाला ते जमत असे. पूर आला की डॉक्टर दोर सोडत आणि नाव काठाच्या खळग्यात नेऊन बांधत.

स्कूटर अकोल्याची. जठारपेठेतल्या एका वकिलाने ती हौसेने घेतली होती. एके दिवशी वकीलसाहेब कोर्टाच्या फाटकापुढे, आपल्याच पक्षकारांच्या देखत, तिच्यावरून पडले. त्याच आठवड्यात त्यांनी ती विकायला काढली. डॉक्टर गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "फळीवर चढन काय?" वकिलाला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "चढेल की." डॉक्टरांनी ती घेतली.

सायकल का नाही, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "सायकल कोणाचीबी असते. स्कूटर आली म्हटलं का गाव बाहेर येते पाहाले. मले गावच बाहेर पायजे. मी घरोघर कायले फिरू?"

नावेवर स्कूटर हेच मुख्य सामान होते. बाकी एक बाज, एक लोखंडी ट्रंक, रॉकेलचा स्टोव्ह आणि चार कप. दाढी स्कूटरच्या आरशात. ओले धोतर हँडलवर. सीटवर पाट ठेवला की तेच टेबल. डिकीत तुरीची डाळ, तिच्या शेजारी एका डब्यात लस टोचायची हत्यारे. पुढच्या बाजूला एक खुरपे बांधलेले असे. ते चाकात अडकलेला चिखल काढण्यासाठी होते. पावसाळ्यात डॉक्टर मैलभर जात, उतरत, खुरपत, पुन्हा मैलभर जात. वाटेत कोणी हसले तर म्हणत, "निंदण करून राह्यलो बाप्पा. पीक चांगलं येईन."

संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायचे असले की ते स्कूटरचे इंजिन चालू करीत, कारण त्याशिवाय तिचा दिवा लागत नसे. पहिल्यांदा तो आवाज गावात ऐकू गेला तेव्हा अर्धे गाव काठावर धावले. डॉक्टरने नावेला इंजिन लावले आणि आता तो निघून चालला, अशी बातमी पसरली होती. डॉक्टर दिव्याच्या उजेडात अग्रलेख वाचत बसलेले होते.

"कुठं चालले डाक्टर?" काठावरून कोणी विचारले.

"दुसऱ्या पानावर," डॉक्टर म्हणाले.

मे महिन्यात पाणी आटे आणि नाव कोरड्या रेतीवर बसे. तरीही डॉक्टर फळी लावून, बूट काढूनच वर चढत. एक म्हातारा त्यांना म्हणाला, "आता फळी काहून लावता? पाय टाका अन् चढा."

"घर हाय बाबाजी," डॉक्टर म्हणाले. "आपल्या घरात कोणी खिडकीतून घुसते काय?"

वरून कोणी काही विचारले की त्यांचे एकच वाक्य ठरलेले होते: "नियमात मनाई कुठं हाय?" भत्ता सायकलचा असताना स्कूटर कशी, असे खात्यातल्या कारकुनाने विचारले. नियमात मनाई कुठं हाय? सरकारी लस नदीवर कशी ठेवता? नियमात मनाई कुठं हाय? त्यांनी नियम खरोखर वाचलेले होते. विचारणाऱ्यांनी बहुधा वाचलेले नसत, त्यामुळे प्रश्न तिथेच संपे.

त्यांच्या कामाची रीत मी पाहिली आहे. आधी लस टोचणारा आला की पोरे ज्वारीच्या शेतात पळत आणि आया त्यांना लपवीत. डॉक्टरांनी एक पद्धत पाडली. ज्याने दंड पुढे केला त्याला स्कूटरवरून गावाभोवती एक चक्कर. काही महिन्यांत स्कूटरचा आवाज आला की पोरे बाह्या वर करून धावू लागली. मग नवीच अडचण आली. टोचून झालेली पोरे सदरा बदलून पुन्हा रांगेत उभी राहत.

"दाखव तो हात," डॉक्टर म्हणत. "हे काय हाय?"

"मुंगी चावली."

"सरकारी मुंगी हाय ते. निघ. मांगं बस, पन टोचत नाई आता."

म्हणजे चक्कर मिळेच. एका आजीबाईनेही दंड पुढे केला आणि नऊवारीचा पदर खोचून मागे बसून गावाला फेरी मारून आली. त्यानंतर त्या गावात लस नको म्हणणारे घर उरले नाही.

अशा स्थितीत कोणीतरी वर कळवले की तायडे मुख्यालयी राहत नाहीत.

सरकारी नोकराने नेमून दिलेल्या गावातच राहिले पाहिजे, हा नियम होता आणि तो डॉक्टरांनीही वाचलेला होता. नियम मोडल्याचे ठरले तर बदली मेळघाटात होणार, असे खात्यातून त्यांच्या कानावर आले. या वेळी डॉक्टरांनी आपले ठरलेले वाक्य काढले नाही. "मेळघाटालेबी डाक्टर पायजे," ते म्हणाले. "मी जाईन. पन इथं आता कुठं दारं उघडली हायेत. नवा मानूस येईन, लोकं पुन्हा लेकरं लपवतीन. मंग एखाद्या साली देवी आली का..."

चौकशीला अमरावतीहून अधिकारी जीपने आले. ते पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. मुख्यालयाच्या गावाचे पाटील त्यांच्यासोबत काठावर आले. गावाचे नाव देत नाही, पाटलांचे नातू आता ओळखीचे आहेत. मीही तिथे होतो.

अधिकारी फळीवरून जपून चढले. आत स्कूटर, बाज, स्टोव्ह पाहिला.

"हे तुमचे घर?"

"हो सायेब. नाव गावाच्या हद्दीत बांधली हाय. पाटलाले इचारा."

"हद्दीतच हाय," पाटील काठावरून म्हणाले. "त्या लिंबापावतर आमची हद्द."

"पण ही तर हलते."

"दौऱ्यावर हलते सायेब. दौरा झाला का मुख्यालयी येते. नियमात मनाई कुठं हाय?"

अधिकारी हसले. डॉक्टरांनी चहा केला. अधिकाऱ्यांनी घेतला, मी घेतला. पाटलांना विचारले तर ते म्हणाले, आज उपास आहे. मग अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी सहज विचारले, "ते सगळे ठीक आहे तायडे, पण माणसाने नदीवर का राहावे? गावात एखादी खोली का घेत नाही?"

पाटील नदीकडे पाहू लागले. काठावर जमलेल्या गावकऱ्यांनी माना खाली घातल्या.

"हवा चांगली हाय सायेब इथं," डॉक्टर म्हणाले. "अन् स्कूटरले खोलीत गुदमरते."

अधिकारी मोठ्याने हसले. काठावरचे लोक त्यांच्याहूनही मोठ्याने हसले. निवास मुख्यालयीच आहे, असे अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले आणि जीप निघून गेली. बदली टळली.

लोक पांगले. पाटील मात्र थांबले. त्यांना काही बोलायचे होते आणि ते कसे बोलावे हे उमगत नव्हते. शेवटी म्हणाले, "डाक्टर, पावसाळ्यात ते स्कूटर आमच्या ओसरीवर ठेवत जा. जागा हाय भरपूर. खराब होते पाण्यानं."

डॉक्टरांनी सीटवरची धूळ पुसली. "लई उपकार पाटील," ते म्हणाले. "पन ते मले सोडून राहत नाई."

पाटील गावाकडे चालू लागले.

मी तोवर कित्येकदा त्या नावेवर चहा प्यालो होतो. नाव सोयीची आहे, दोन्ही काठ हाताशी आहेत, हेच कारण मी मानून चाललो होतो. त्या दिवशी मी विचारले, "तुम्ही गावात खोली मागितली होती?"

"मांगतली ना. पयल्याच महिन्यात. तवा हे नाव नव्हती." ते स्टोव्ह विझवत होते. "लोकं चांगले हायेत. बसा म्हणत. खोली दाखवत. मंग आडनाव इचारत. आडनाव सांगतलं का त्याइचे सोयरे येनार असत. एक घर, दोन घर, सारं गाव फिरलो. सांगतो तुमाले, त्या महिन्यात त्या एका गावात जेवढे सोयरे येनार होते, तेवढे तं अकोल्याच्या टेसनावर उतरत नसतीन!"

ते हसले. मला हसता आले नाही.

"मग साहेबांना का नाही सांगितले? त्यांनी स्वतः विचारले होते."

"सांगतलं असतं तं काय झालं असतं? सायेबानं पाटलाले झापलं असतं. धाकानं का होईना, खोली भेटली असती मले." त्यांनी कप नदीत बुचकळून धुतला. "अन् उद्या मी टोचाले गेलो असतो तं त्याच लोकाइनं लेकरं घरात कोंडली असती. मले खोली नाई दिली तं नाई. लेकराचा दंड तं देतेत माह्या हातात. तेवढं तुटलं नाई पायजे."

मी ही बातमी छापू का, असे विचारले. ते म्हणाले, "सध्या नका छापू. साऱ्याइले टोचून होऊ द्या."

मी छापली नाही. त्या दोन्ही काठांवर मी नंतरही जात होतो. जिथे जिथे विचारले, तिथे आयांनी पोरांची बाही वर करून मला व्रण दाखवला आणि 'नाववाल्या डाक्टरनं टोचलं' असे अभिमानाने सांगितले.

चौकशीच्या त्याच संध्याकाळी मला काठावर उतरवून डॉक्टरांनी फळी आत ओढली आणि दोर धरून नाव पाण्यात नेली. मला वाटले, पलीकडच्या गावात काम असेल. पण नाव नदीच्या मधोमध थांबली. त्यांनी बाज सरळ केली, अंथरूण टाकले.

"पलीकडे नाही जात?" मी ओरडून विचारले.

"नाई. झोपाले मधातच असतो."

"का?"

आवाज आला, नेहमीसारखाच, चेष्टेचा.

"मधात थांबलो का दोन्हीकडच्या लोकाइले वाटते, डाक्टर आपल्याकडंच येऊन राह्यले!"

अलीकडे गावात चुली पेटल्या होत्या, पलीकडेही पेटल्या होत्या. मी काठावर बराच वेळ उभा होतो. कोणत्याही बाजूने त्यांना कोणी जेवायला हाक मारली नाही.